मोटारीची जुनी पोस्टरं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मोटार नवी होती त्या काळातल्या, म्हणजे साधारण १८९५ ते १९३५ मधल्या, युरोपीय जाहिरात-पोस्टरांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : १९०० च्या सुमाराचं म्हणून मिळालेलं एक फ्रेंच पोस्टर माझ्याकडे आहे. ते मूळ शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, आहे की नंतर काढलेली प्रत, हे घरच्या घरी कसं ओळखावं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी आणि बाजूने पडणारा उजेड एवढ्यावर बहुतेक निकाल लागतो.

भिंग आधी गालावर किंवा आकाशावर ठेवा, म्हणजे रंग गडदाकडून फिक्याकडे जातो अशा जागी. शिळाछापात तिथे वेडेवाकडे, लहानमोठे कण दिसतात, कारण चिकट खडू खरखरीत दगडावरून फिरलेला असतो. काही भागांत ब्रशने उडवलेल्या शाईचे शिंतोडे असतात आणि त्यांत दोन ठिपके सारखे सापडत नाहीत. हिरवा रंग पिवळ्यावर निळा पडून झालेला असतो, पण दोन्ही रंगांचे थर वेगवेगळे ओळखू येतात. नंतरच्या ऑफसेट (फोटोवरून यंत्राने छापलेल्या) प्रतीत ठरावीक अंतराने ओळीत मांडलेले डॉट दिसतील, चार रंगांचे, फुलासारख्या वर्तुळांत. इंकजेटची प्रत जास्त फसवी. तिचे ठिपकेही विखुरलेले असतात, पण ते अतिशय बारीक आणि जवळजवळ एकाच मापाचे असतात. शिवाय अक्षरांच्या काळ्या कडेतसुद्धा निळे-किरमिजी ठिपके मिसळलेले सापडतात. दगडावरच्या काळ्यात फक्त काळाच असतो.

मग माप घ्या. फ्रेंच पोस्टरं कागदाच्या ठरलेल्या मापांत छापली जात. कोलोंबिए म्हणजे सुमारे ६१ × ८२ सेंटिमीटर, त्याची दुप्पट, चौपट, निम्मी अशी मापं होती. कडा छाटलेल्या असतील तर एक-दोन सेंटिमीटर कमी भरेल. ५० × ७० सेंटिमीटर किंवा २४ × ३६ इंच भरलं तर प्रत आहे असं समजून पुढे चला. मूळ पोस्टर आक्रसून प्रत काढली की समासातली छापखान्याची ओळही आक्रसते. नावपत्ता भिंगाशिवाय वाचताच येत नसेल तर ते पोस्टर कधी भिंतीसाठी नव्हतं.

तिरप्या उजेडात घड्या तपासा. पोस्टरं घडी करून ठेवली जात, म्हणून घडीच्या खुणा असणं चांगलं लक्षण. पण घडी डोळ्याला दिसते आणि बोटाला लागत नाही, असं झालं तर ती घडीच छापलेली आहे.

दोन बाबतींत घाई करू नका. सुमारे २९ × ४० सेंटिमीटरचं, कोपऱ्यात रंगाविना उठवलेला शिक्का असलेलं पोस्टर नकली नसतं. शे या छापखान्याने १८९५ ते १९०० या काळात गाजलेल्या पोस्टरांच्या छोट्या शिळाछाप आवृत्त्या दरमहा चार अशा वर्गणीदारांना दिल्या. ‘ले मेत्र द लाफीश’ नावाच्या त्या मालिकेत एकूण २५६ पानं होती. दुसरं, १९३० च्या दशकातलं अस्सल पोस्टरही ऑफसेट असू शकतं. त्या काळासाठी नुसत्या डॉटवरून निकाल देऊ नये.

प्रश्न : दगडावर एवढं मोठं रंगीत चित्र छापायचे तरी कसे? आणि काही पोस्टरांत रंग रेषेबाहेर सरकलेला का दिसतो?

तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळी पद्धत उभी आहे. ती आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधली. लागणारा बारीक पोताचा चुनखडीचा दगड तिथेच, झोल्नहोफेनच्या खाणींत मिळे, आणि पुढची शंभर वर्षं जगभर तोच गेला.

दगड सात-दहा सेंटिमीटर जाड असे. आधी वाळू आणि पाणी घालून तो घासायचा. पोस्टरासाठी मुद्दाम जाड दाणा ठेवत, कारण चित्र लांबून बघायचं असतं. मग मेण, चरबी, साबण आणि काजळी यांच्या खडूने किंवा त्याच जातीच्या शाईने दगडावर उलटं चित्र काढायचं. अक्षरंही उलटी. वर शंखजिऱ्याची पूड मारून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाकून तो लेप द्यायचा. त्याने मोकळा दगड पाणी धरायला लागतो आणि रेखाटलेला भाग चरबी धरून बसतो. नंतर टर्पेंटाइनने खडू पुसतात. दगड कोरा दिसतो, पण चित्र आत मुरलेलं असतं. ओलं फडकं फिरवून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर चढते.

हे प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर, एकूण चार ते आठ दगड. फ्रेंच चित्रकार ज्यूल शेरे यांनी काम तीन दगडांवर आणलं होतं: एक काळा, एक लाल आणि तिसरा वरून थंड, खाली उबदार होत जाणाऱ्या पार्श्वभूमीचा. खर्च घटला आणि रस्त्यावर रंग आले. पोस्टरकलेचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात त्याच्या मुळाशी हा हिशेब आहे. त्यांच्या पोस्टरांतल्या नाचऱ्या बायका ही वरची गोष्ट.

आता रंग सरकण्याबद्दल. आधी मुख्य रेषांचा दगड तयार होतो. त्याचा पुसट, चरबी नसलेला ठसा बाकीच्या दगडांवर उतरवतात, म्हणजे प्रत्येक रंगाची हद्द कळते. छापताना कागदाच्या कडेला फुल्या किंवा सुयांची भोकं जुळवतात. यालाच छापखान्यात रजिस्टर म्हणतात. पण एक रंग वाळल्याखेरीज दुसरा देता येत नाही, आणि तेवढ्या वेळात हवा बदलली की कागद फुगतो किंवा आटतो, तोही उभा-आडवा सारखा नाही. मीटरभर कागदात एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला की ओठांचा लाल हनुवटीवर येतो. म्हणून पोस्टराच्या मध्यावर रजिस्टर नीट आणि एका कडेला चुकलेलं असेल, तर दोष बहुधा कागद फुगल्याचा. सगळीकडे सारखंच सरकलेलं असेल, तर मांडणाऱ्याचा.

बाकीच्या चुकाही वाचता येतात. कोऱ्या भागावर राखाडी मळ दिसला तर दगड सुकला होता किंवा आम्ल कमी पडलं होतं. गालावरचे बारीक कण उडून ढोबळ पांढरे तुकडे राहिले असतील तर आम्ल जास्त झालं. दोन मीटर उंचीची पोस्टरं दोन-तीन तुकड्यांत छापून भिंतीवर जोडत. तुकडे वेगळ्या दिवशी छापले तर जोडाच्या वरचा निळा आणि खालचा निळा जुळत नाही.

एक लक्षात ठेवा : चित्रकार बहुतेक वेळा लहान आराखडा रंगवून देई आणि दगडावर तो मोठा करून काढायचं काम छापखान्यातला कारागीर करी. सही दगडातच असते. पोस्टरावर पेन्सिलीची सही दिसली तर आनंदाआधी संशय येऊ द्या.

प्रश्न : टायरच्या जाहिरातीतला तो टायरांचा माणूस पांढरा का? टायर तर काळे असतात.

तेव्हा काळे नव्हते. नैसर्गिक रबर फिकट असतं आणि त्यात भर म्हणून झिंक ऑक्साइड घालत, तेही पांढरंच. रबरात कार्बनची काजळी घातली की झीज खूप कमी होते हे कळून टायर काळे होऊ लागले ते १९१० च्या दशकात. मिशेलिन या टायर कंपनीचा हा माणूस, बिबेंडम, त्याच्या आधीचा, १८९८ चा. त्याच्या अंगावरची वळी अरुंद आहेत तीही याचसाठी : सायकलींचे आणि सुरुवातीच्या मोटारींचे टायर तसेच बारीक असत.

१८९४ मध्ये ल्योंच्या प्रदर्शनात टायरांची चळत बघून, हिला हात लावले तर माणूस होईल, असं मिशेलिन बंधूंना वाटलं. चित्रकार ओगालो यांच्याकडे एका बिअर कंपनीने नाकारलेलं आराखड्याचं चित्र होतं : एक धिप्पाड माणूस पेला उंचावतो आहे आणि वर रोमन कवी होरेसची ‘आता प्यायची वेळ झाली’ या अर्थाची ओळ. पिणाऱ्याच्या जागी टायरांचा माणूस बसवला आणि पेल्यात खिळे व काचा भरल्या. ‘मिशेलिनचा टायर अडथळा पिऊन टाकतो’ ही खालची ओळ. शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्यांची हवा गेलेली आहे.

विनोद सोडून त्या पेल्याकडे बघा. त्या काळचे रस्ते घोड्यांचे होते आणि नालांचे गळून पडलेले खिळे हेच पंक्चरचं मुख्य कारण होतं. गिऱ्हाइकाला रोज छळणारी गोष्ट पोस्टराच्या मध्यभागी पेल्यात घालून दाखवली आहे. इतकं नेमकं तांत्रिक आश्वासन देणारं पोस्टर त्या दशकात दुसरं क्वचितच सापडेल.

प्रश्न : ‘मोटारीची पोस्टरं’ म्हणून बघायला जावं तर निम्म्याहून अधिक टायर, तेल, दिवे, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) यांची असतात. मोटार विकणारे कमी जाहिरात करत होते का?

त्यांना भिंतीची गरज कमी होती. १९०० च्या आसपास मोटार घेणारे थोडे आणि श्रीमंत. त्यांना गाठायला शर्यती, क्लब आणि प्रदर्शनं होती. पॅरिसचं पहिलं मोटार प्रदर्शन १८९८ मध्ये फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबने भरवलं, आणि आत जागा मिळवायची तर गाडीला आधी पॅरिस ते व्हर्साय जाऊन यावं लागे. अशा विक्रीत पोस्टरापेक्षा शर्यतीचा निकाल जास्त चालतो. शिवाय महागडी गाडी अनेकदा नुसती चॅसिस, म्हणजे चाकं-इंजिनासकट सांगाडा, म्हणून विकली जाई आणि वरची बॉडी दुसरा कारखाना बांधून देई. मग पोस्टरावर चित्र कशाचं काढणार? दे दिओं-बूतों यांच्यासारखी कंपनी तर गाड्यांबरोबर नुसती इंजिनंही दुसऱ्या कारखान्यांना विकत होती.

सुटे भाग आणि इंधन यांचं गणित उलटं. गाडी एकदा घ्यायची, टायर मात्र काही हजार किलोमीटरांत संपे. पेट्रोल पंपावर मिळत नव्हतं. ते सीलबंद डब्यांतून, फ्रान्समध्ये पाच लिटरच्या आणि ब्रिटनमध्ये दोन गॅलनच्या, सायकलच्या दुकानांत, हॉटेलांत, वाण्याकडे विकलं जाई. डब्यात काय आहे ते घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून डब्यावरचं नाव डोक्यात बसवायला पोस्टर हवं. तेलाच्या आणि पेट्रोलच्या पोस्टरांत डबा इतका ठळक का, त्याचं उत्तर हेच.

ज्यूल शेरे यांची दोन कामं शेजारी ठेवून बघा. १८९० च्या दशकात त्यांनी साक्सोलेइन या दिव्याच्या तेलाची पोस्टरांची मालिका केली : घरात दिवा पेटवणारी हसतमुख बाई. १९०० मध्ये बेंझो-मोतर या मोटारीच्या खास इंधनाचं पोस्टर केलं आणि तीच हसतमुख बाई गाडी हाकायला बसली. खनिज तेलातून दिव्याचं तेल काढताना वर राहणारा हलका, भडका घेणारा भाग आधी डोकेदुखी होता. मोटार आल्यावर तोच विकायचा माल झाला. तेलशुद्धीकरणाच्या इतिहासातलं एक मोठं वळण या दोन चित्रांत आलं आहे, चित्रकाराच्या मनात ते असो वा नसो.

दिव्यांचंही तसंच. पहिल्या महायुद्धापूर्वी चांगला हेडलाइट म्हणजे ॲसिटिलीनचा : कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडून गॅस तयार होई आणि तो जळे. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांनी कमाई केली ती अशा दिव्यांच्या धंद्यात, आणि त्या दिव्यांचीही पोस्टरं निघाली.

मोटार-पोस्टरांची वाट सायकलीने आधी तयार केली होती, हेही विसरू नये. चित्रकार तूलूझ-लोत्रेक यांनी १८९६ मध्ये सिम्पसनच्या सायकल-चेनचं पोस्टर केलं. अख्ख्या सायकलचं नव्हे, चेनचं. सुटा भागही रस्त्यावर नाव कमावू शकतो हे तेव्हाच दिसलं होतं. स्टाइनलेन यांच्या १८९९ च्या मोतोसिक्ल कोमिओच्या पोस्टरात दुचाकीवरून येणारी बाई आणि वाटेत उधळलेले पाळीव हंस आहेत. यंत्र असं आहे की सायकल कुठे संपते आणि मोटार कुठे सुरू होते ते सांगणं कठीण.

प्रश्न : पोस्टरावर साल नसतं. काळ कसा ठरवावा?

चित्रातली गाडी आणि समासातला मजकूर असे दोन साक्षीदार आहेत. समासातल्यावर जास्त विश्वास ठेवा.

गाडीत बघण्याच्या जागा : चाकाऐवजी हातदांड्याचं सुकाणू असेल तर बहुधा १९०० च्या आधीची किंवा जुन्या वळणाची गाडी. मधाच्या पोळ्यासारखा जाळीचा रेडिएटर १९०१ च्या मर्सिडीजपासून पसरला. फ्रान्समध्ये नंबरप्लेट १९०१ पासून आली, ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून. सुट्या होणाऱ्या रिमचा मोठा बोलबाला १९०६ च्या ल माँ इथल्या फ्रेंच ग्रां प्रीने केला, कारण विजेत्या रेनॉने त्या वापरल्या होत्या. म्हणून बाजूला टांगलेली जादा रिम किंवा चाक असेल तर साधारण त्या काळानंतरचं धरा. फूटबोर्डवर कार्बाइडचा डबा असेल तर बहुधा महायुद्धापूर्वीचं. ‘चारही चाकांना ब्रेक’ ही बढाई १९२० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातली. नंतर सगळ्यांनाच आले, मग बढाई कसली. रेनॉ असेल तर बॉनेट बघा : पुढे उतरत जाणारं, रेडिएटर इंजिनाच्या मागे असलेलं बॉनेट १९३० च्या आत सोडून दिलं गेलं.

अडचण एवढीच की चित्रकार इंजिनिअर नसतो. तो मागच्या वर्षीची गाडी काढतो, तिची चाकं लंबगोल करतो, साखळी विसरतो. गाडीवरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगता येतं; ‘याच्या नंतरचं नाही’ हे सांगायला कंपनीचं नाव लागतं. नुसतं ‘मर्सिडीज’ असेल तर १९२६ च्या आधीचं, कारण त्या वर्षी बेंझशी विलीनीकरण होऊन नाव मर्सिडीज-बेंझ झालं. तीन टोकांचा तारा १९०९ मध्ये नोंदवला गेला, म्हणून तारा असेल आणि ‘बेंझ’ नसेल तर काळ या दोन सालांच्या मधला. सित्रोएन १९१९ च्या आधी मोटारी बनवतच नव्हती.

छापखान्याचं नाव आणि पत्ता जपून वाचा, छापखाने जागा बदलत. फ्रेंच पोस्टरावर कराचं तिकीट किंवा शिक्का असतो, कर कागदाच्या मापावर लागे. तिकीट नाही म्हणून पोस्टर खोटं ठरत नाही. संग्राहकांसाठी बाजूला काढलेल्या प्रती भिंतीवर लागल्याच नाहीत. फ्रेंच पोस्टराची पार्श्वभूमी पूर्ण कोरी पांढरी क्वचितच असते, कारण १८८१ च्या २९ जुलैच्या कायद्याने पांढरा कागद सरकारी सूचनांसाठी राखून ठेवला होता.

इटालियन पोस्टरं या बाबतीत सोपी. १९३० च्या दशकातल्यांवर समासात अनेकदा रोमन आकडा सापडतो. ते मुसोलिनीच्या राजवटीचं वर्ष, २८ ऑक्टोबर १९२२ पासून मोजलेलं. समजा XII असेल, तर ते बारावं वर्ष, म्हणजे ऑक्टोबर १९३३ ते ऑक्टोबर १९३४. चित्रकार दुदोविच यांचं फियाट बालिला या गाडीचं प्रसिद्ध पोस्टर १९३४ चं आहे. त्यात बाईचा पोशाख भरपूर दिसतो आणि गाडी जेमतेम.

प्रश्न : जर्मन पोस्टरांत एखादी वस्तू आणि एक शब्द, एवढंच का असतं?

१९०६ च्या सुमारास ल्यूसियान बेर्नहार्ड यांनी प्रीस्टर काडेपेटीच्या पोस्टरातून दोन काड्या आणि नाव सोडून सगळं काढून टाकलं. त्यातून बर्लिनमध्ये वस्तुपोस्टरांची शैली उभी राहिली. होलरबाउम आणि श्मिट या छापखान्याने अशा चित्रकारांशी करार करून त्यांना बांधून घेतलं, म्हणून शैली इतकी एकसंध दिसते. हान्स रूडी एर्ट यांच्या १९११ च्या ओपेलच्या पोस्टरात गाडी नाहीच. चालकाचा चेहरा आणि नावातला चाकासारखा मोठा ‘ओ’.

मोटारधंद्याला ही शैली फार सोयीची पडली, कारण विकायचे भाग लहान आणि अनोळखी होते. बॉशच्या १९१४ च्या पोस्टरात बेर्नहार्ड यांनी स्पार्क प्लग आणि ठिणगी एवढंच दाखवलं. बॉशसाठीच यूलियुस क्लिंगर यांनी लाल मेफिस्टो आणला, गॉगल घातलेला सैतान. त्याच्या मागे कामीय जेनात्झी हा खरा शर्यतपटू होता. ‘लाल सैतान’ म्हणून ओळखला जाणारा आणि १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत मर्सिडीजवर जिंकलेला. फ्रान्समध्ये हाच सारांश चित्रकार कासांद्र यांनी १९३० मध्ये ट्रिप्लेक्स काचेसाठी केला. पारदर्शक काच चित्रात दाखवायची कशी? त्यांनी काचेचा चौकोन आणि त्यामागचा चालकाचा चेहरा घेतला. आमच्या मते मोटारविषयक पोस्टरांत याच्या तोडीचं उत्तर नाही.

प्रश्न : घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्ट्या लावलेलं एक जुनं पोस्टर आहे. कापडावर चढवायचं आहे. स्वतः करता येईल का?

दुर्मीळ असेल तर नको. कागदाच्या जतनाचं काम करणाऱ्याकडे द्या. साधं असेल आणि हात बसलेला असेल तर पद्धत अशी.

आधी चाचणी. प्रत्येक रंगावर, कडेच्या जागी, पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटाने टिपकागद दाबा. टिपकागदावर रंग आला तर काम तिथेच थांबवा. शिळाछापाची शाई तेलाची असल्याने पाण्याला सहसा दाद देत नाही. दगा देतात ते रबरी शिक्के, हाताने लिहिलेली एजंटाची नावं, कराचे शिक्के आणि काही गुलाबी-लाल रंग. चिकटपट्टी ओढू नका. जुना गोंद कागदाच्या धाग्यांत गेलेला असतो, पट्टीबरोबर थर सुटून येतो. तो द्रावकाने काढावा लागतो आणि ते घरचं काम नव्हे.

खळ गव्हाच्या स्टार्चची करा, मैद्याची नको. मैद्यातल्या प्रथिनांवर किडे येतात. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर वीस ते तीस मिनिटं सतत ढवळायची. दुधाळपणा जाऊन ती अर्धपारदर्शक झाली की उतरवा, गार झाल्यावर बारीक जाळीतून दोनदा गाळा, आणि ब्रशवरून सहज ओघळेल इतकी पातळ करा.

मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या. न धुतलेलं कापड नंतर आटतं आणि पोस्टराला लाटा येतात. पोस्टरापेक्षा चारही बाजूंनी दहा-पंधरा सेंटिमीटर मोठ्या लाकडी चौकटीवर ते ताणून ठोका. पोस्टर पॉलिएस्टर फिल्मवर पालथं ठेवून पाण्याचा बारीक फवारा द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. कागद पूर्ण फुगू द्यायचा. घाईने कोरड्या कागदावर खळ लावली तर तो चिकटल्यावर फुगतो आणि सुरकुत्या कायमच्या बसतात. फाटलेल्या कडा जुळवा, पाठीवर खळ लावून पातळ जपानी कागद चढवा, मग कापडाला खळ लावून फिल्मसकट पोस्टर त्यावर ठेवा. फिल्मवरूनच मऊ ब्रश मधून कडेकडे फिरवत हवा काढा, शेवटी फिल्म एका कोपऱ्यातून सपाट सोलून घ्या.

वाळायला दोन-तीन दिवस द्या, पंखा लावू नका. भराभर वाळलं तर कडा आधी आटतात आणि जोडलेली फाट पुन्हा उघडते. खळ जाड झाली तर पोस्टर ताठ होतं आणि गुंडाळताना तडकतं. अनेक तुकड्यांच्या पोस्टरात तुकडे एकमेकांवर चढलेला मूळ भाग, साधारण पाच ते दहा मिलिमीटर, तसाच ठेवा. छाटून टोकाला टोक लावलं की मधली एक पट्टी कायमची गेली. ड्राय माउंटिंगच्या गरम पत्र्याने फोम बोर्डावर चिकटवायचं मात्र कुणी सुचवलं तरी करू नका, ते पुन्हा सोडवणं फार अवघड.

पिवळेपणा जाईल अशी आशा धरू नका. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडणारच. ब्लीच केला तर पांढरा होतो आणि कमजोरही.

प्रश्न : मोंतो यांची शर्यतींची चित्रं पोस्टरं समजायची का? ती धुता येतात का?

एर्नेस्त मोंतो यांची लांबट, वेगरेषा ओढलेली चित्रं ही बहुतेक भिंतीवर टांगण्यासाठी विकलेली छापचित्रं आहेत, रस्त्यावरची पोस्टरं नव्हेत. मोंतो १९०९ मध्ये वारले, आणि ‘गामी’ अशी सही असलेली चित्रं त्यांच्या पत्नी मार्गरीत यांची. यांत फक्त रेषा दगडावरून छापलेल्या आहेत. रंग पत्र्याच्या कापलेल्या साच्यांतून हाताने भरलेला, आणि तो जलरंग आहे. थेंबभर पाण्यानेही तो जातो. वरची कापडावर चढवण्याची पद्धत यांना अजिबात लावायची नाही.

प्रश्न : फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं तर चालेल?

५० लक्सपर्यंतचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड, थेट ऊन नाही, अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक, आणि काच व कागद यांत पाच-सहा मिलिमीटर पोकळी. वर्षातून काही महिने उतरवून अंधारात ठेवलं तर उत्तम. त्या काळचे इओसिन या रंगद्रव्यावर बनवलेले गुलाबी-लाल रंग आधी उडतात आणि निळा मागे राहतो. म्हणून कित्येक पोस्टरांतल्या बायका हिरवट चेहऱ्याच्या दिसतात. मूळ रंग बघायचा असेल तर जुन्या फ्रेमच्या खाचेखाली झाकलेली कड बघा.

प्रश्न : हिरव्या बुगाटीत बसलेल्या, हेल्मेट घातलेल्या बाईचं पोस्टर कोणत्या कंपनीचं? आणि अशी जुनी चित्रं छापून वापरता येतात का?

ते पोस्टर नाही आणि बुगाटीची जाहिरातही नाही. तमारा द लेंपिका यांनी १९२९ मध्ये ‘दी दामे’ या जर्मन मासिकाच्या मुखपृष्ठासाठी केलेलं ते स्वतःचं तैलचित्र आहे, उंची जेमतेम ३५ सेंटिमीटर. भिंतीवर दिसतात त्या सगळ्या नंतरच्या प्रती.

युरोपातल्या बहुतेक देशांत स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो आणि त्या वर्षाच्या अखेरीला संपतो. शेरे १९३२ मध्ये आणि पोस्टर-चित्रकार काप्पिएल्लो १९४२ मध्ये वारले, त्यांची चित्रं खुली आहेत. कासांद्र १९६८ मध्ये वारले, म्हणजे २०३८ संपेपर्यंत परवानगी लागेल. लेंपिका १९८० मध्ये, तेव्हा २०५० संपेपर्यंत. चित्र खुलं झालं तरी त्यावरचं बोधचिन्ह चालू कंपनीचं असू शकतं. बिबेंडम आजही मिशेलिनचा ट्रेडमार्क आहे; तो छापलेला माल विकायचा असेल तर आधी कंपनीला विचारा.